शूल्य, सीख आणि चाखणा : अहमदनगर परिसरातील एका सहभोजनाचा शब्देतिहास

जपानी भाषेतील ‘याकितोरी’ हा शब्द गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतील खाद्यपत्रिकांवर दिसू लागला आहे. ‘याकि’ म्हणजे भाजलेले आणि ‘तोरी’ म्हणजे पक्षी. कोंबडीच्या मांसाचे लहान तुकडे बांबूच्या काडीवर ओवून निखाऱ्यावर भाजतात. काही ठिकाणी त्यांना केवळ मीठ लावतात, काही ठिकाणी सोयाच्या गोडसर रसात ते पुनःपुन्हा बुडवतात. हे तुकडे मद्याबरोबर खाण्याचा प्रघात आहे. पूर्वी हे मद्य तांदळाचे असे, नंतर बीअर आली, आणि अलीकडे द्राक्षांची वाइनही तिच्या पंक्तीस बसली आहे. या नव्या पाहुण्याविषयी मराठी माणसांत दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे ही परदेशी चैन असून तिचा या मातीशी काही संबंध नाही. दुसऱ्या मताप्रमाणे सळईवरचे मांस आणि द्राक्षांचे मद्य ही दोन्ही आपल्याकडे प्राचीन काळापासून आहेत, तेव्हा यात नवे ते काय? या दोन्ही मतांची परीक्षा करावयाची तर पदार्थांचा इतिहास पुरेसा नाही. पदार्थ मागे खूण ठेवीत नाहीत; शब्द ठेवतात. प्रस्तुत निबंधात ही परीक्षा शब्दांच्या साहाय्याने आणि मुख्यतः एका परिसरापुरती केली आहे. तो परिसर म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा आणि आता अहिल्यानगर हे नाव धारण करणारा जिल्हा होय. सातवाहनकाळापासून निजामशाहीपर्यंत आणि निजामशाहीपासून दारूबंदीच्या चळवळीपर्यंत या विषयाचे सर्व टप्पे येथे सापडतात.

१

प्रथम संस्कृतातील परिभाषा पाहणे अवश्य आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात शूल आणि उखा या दोन शब्दांपासून ‘शूल्य’ आणि ‘उख्य’ अशी रूपे सिद्ध केली आहेत. शूलावर संस्कारिलेले ते शूल्य आणि हंडीत शिजविलेले ते उख्य. पाचव्या अध्यायात त्याने ‘शूलाकरोति’ या क्रियारूपासाठी स्वतंत्र सूत्र दिले असून ते केवळ पाकाच्या अर्थी लागू होते. ज्या क्रियेसाठी व्याकरणकाराला वेगळे सूत्र रचावे लागते ती क्रिया शिष्टांच्या बोलण्यात नित्याची असली पाहिजे, हे उघड आहे. सुश्रुतसंहितेतील मांसपाकांच्या यादीत शूल्याची गणना आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात मृगयेला कंटाळलेला विदूषक अवेळी खाव्या लागणाऱ्या शूल्य मांसाविषयी कुरकुर करतो. तात्पर्य, व्याकरण, वैद्यक आणि नाटक या तिन्ही क्षेत्रांत हा शब्द निःसंकोच वावरतो.

मद्याबरोबर खावयाच्या पदार्थालाही संस्कृतात स्वतंत्र नावे आहेत. ‘उपदंश’ आणि ‘अवदंश’ हे दोन्ही शब्द दंश् म्हणजे चावणे या धातूपासून आले आहेत. पेयाच्या जोडीने जे चावावयाचे ते उपदंश. हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या अभिधानचिंतामणीत याच अर्थी ‘चक्षण’ असा आणखी एक शब्द नोंदविला आहे. द्राक्षांच्या मद्याचाही उल्लेख आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन आणि हारहूरक हे प्रकार सांगितले आहेत. कापिशायन हे नाव कापिशी या वायव्येकडील नगरीवरून पडले आहे. द्राक्षमद्याची ओळख प्राचीन असली तरी ते दूरदेशीचा माल म्हणून ओळखले जाई, एवढे यावरून दिसते.

येथे अमरकोशाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. अमरसिंहाने शूलाकृत, भटित्र आणि शूल्य हे समानार्थी शब्द वैश्यवर्गात, म्हणजे ओदन, सूप इत्यादी नित्य अन्नाच्या सान्निध्यात दिले आहेत. याउलट सुरा, मद्यपानाचे स्थान आणि मद्याबरोबरचे खाणे हे सर्व शूद्रवर्गात येते. पदार्थ एका वर्गात आणि त्याच्या जोडीचे पेय दुसऱ्या वर्गात अशी ही वाटणी आहे. प्रत्यक्ष जीवनात ही जोडी एकाच पात्रावर येत असेल. कोशकाराने मात्र ती एका ठिकाणी ठेविली नाही. ही फारकत पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२

आता परिसराकडे वळावयाचे. प्रवरेच्या काठी वसलेले नेवासे हे गाव ज्ञानेश्वरीच्या रचनेमुळे मराठी मनात पूज्य झाले आहे. त्याच नेवाशात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. त्यात सातवाहनकालीन थरांतून भूमध्यसागरी बनावटीच्या दुमुठी उंच कुंभांची, म्हणजे अॅम्फोरांची, खापरे मिळाली. असे कुंभ मुख्यतः मद्य वाहून आणण्यासाठी वापरले जात. ऑलिव्हचे तेल आणि माशांचे खारवलेले रसही त्यांतून येत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख असून त्यात इटलीच्या मद्याला अग्रस्थान दिले आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या दक्षिणेस असलेल्या पैठणचे वर्णन आहे, आणि पैठण नेवाशापासून फार दूर नाही. समुद्रापलीकडील द्राक्षमद्य गोदा-प्रवरेच्या खोऱ्यातील श्रीमंतांच्या घरी पोहोचत होते, हे अनुमान या दोन पुराव्यांवर भक्कमपणे उभे राहते. मात्र ते द्राक्षमद्य इथल्या वेलीचे नव्हते, ही गोष्ट विसरता कामा नये.

यानंतरचा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमाराचा आहे. मराठीच्या अभ्यासकांना तो विशेष परिचित आहे, कारण त्यातील संगीतविषयक भागात मराठीचे काही प्राचीन नमुने आले आहेत. अहमदनगरच्या उत्तर भागात त्या काळी यादवांची सत्ता होती आणि यादव हे चालुक्यांचे मांडलिक होते. संगमनेर येथे मिळालेला दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२ चा ताम्रपट या सत्तेची साक्ष देतो. तेव्हा मानसोल्लासातील राजभोजन हे या परिसराला अगदी परके म्हणता येणार नाही.

सोमेश्वराच्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांस भाजण्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘भडित्र’ असे आहे. मसाल्याने संस्कारिलेले मांसाचे तुकडे शूलावर ओवून अंगारावर भाजावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. अमरकोशातील ‘भटित्र’ येथे ‘भडित्र’ झाले आहे. दोन स्वरांमधील टकाराचा डकार होणे ही प्राकृतांची नित्याची प्रवृत्ती होय. घोटकाचा घोडा याच मार्गाने झाला. राजाच्या पाकशाळेतील शब्द ग्रंथातून नव्हे, तर बल्लवांच्या तोंडून ग्रंथात आला, असे हे रूप सुचविते. मद्यपानाचे वर्णनही या ग्रंथात आहे. परंतु ते अन्नभोगात नसून क्रीडांच्या विभागात ‘मदिरापानक्रीडा’ या नावाने येते. अमरकोशात वर्गभेदाने झालेली फारकत येथे भोजन आणि क्रीडा अशा प्रसंगभेदाने झाली आहे. शूल्य हे जेवण आणि मद्य हा खेळ, अशी ही विभागणी म्हणता येईल.

३

१४९० मध्ये मलिक अहमदाने बहामनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन निजामशाहीचा पाया घातला आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ नव्या नगराची उभारणी सुरू केली. १४९९ मध्ये दौलताबादचा किल्ला या राज्यात आला. दौलताबादच्या परिसराला द्राक्षांची कीर्ती त्यापूर्वीच लाभली होती. चौदाव्या शतकात तेथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे लिहून ठेवले आहे. समशीतोष्ण प्रदेशात थंडीने वेल झोपी जातो. दख्खनेत तो झोपत नाही. म्हणूनच आजचा बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून वेलीला एकाच बहारावर आणतो. इब्न बतूताच्या नोंदीमागील वनस्पतिशास्त्र हेच आहे.

निजामशाहीबरोबर इराणी, तुर्की आणि अरबी शब्दांचा एक संपूर्ण संच या परिसरात आला. त्यात ‘सीख’ हा फारसी शब्द शूलाच्या जागी आला आणि ‘कबाब’ हा अरबी शब्द शूल्याच्या जागी. कबाबाचे मूळ सेमिटिक असून भाजण्याचा अर्थ त्यात प्राचीन आहे. या काळातील पाकविद्येचा उत्तम नमुना म्हणजे शेजारच्या माळव्यात गियासशाहासाठी लिहिलेला ‘निमतनामा’ हा सचित्र ग्रंथ होय. गियासशाहाचा काळ १४६९ ते १५०० असा आहे, म्हणजे तो मलिक अहमदाचा समकालीन ठरतो. निमतनाम्यात सिखेवरच्या मांसाच्या कृती आहेत आणि त्या फारसी-हिंदवी मिश्रित भाषेत सांगितल्या आहेत. पूर्वीच्या शूल्यावर नव्या सिखेचा संस्कार कसा झाला हे त्या मिश्र भाषेवरून कळते.

मद्याबरोबर खाण्याच्या पदार्थासाठी फारसीत ‘गजक’ असा शब्द आहे. तो ‘गजीदन’ म्हणजे चावणे या क्रियापदापासून आला आहे. संस्कृतातील उपदंशाची व्युत्पत्तीही हीच असल्याचे वर दाखविले आहे. दोन भाषांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच कल्पना एकाच प्रकारे शब्दबद्ध केली, ही घटना अर्थविज्ञानाच्या अभ्यासकास मननीय वाटेल. उत्तर भारतात गजक या शब्दाने पुढे तिळाच्या मिठाईचा अर्थ घेतला आणि मद्याशी असलेला त्याचा संबंध पार विसरला गेला.

निजामशाही दरबारातील पानगोष्ठीचे सर्वांत मोठे स्मारक दगडाचे नसून शब्दांचे आहे. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या अल्प कारकिर्दीत, म्हणजे १५९१ ते १५९५ या काळात, इराणातून आलेला कवी जुहूरी याने ‘साकीनामा’ हे दीर्घकाव्य रचून त्या राजाला अर्पण केले. साकी म्हणजे मद्य ओतणारा. त्याला उद्देशून बोलत जाणे हा या काव्यप्रकाराचा संकेत असून मद्य हे तेथे कधी प्रत्यक्ष पेय, तर कधी ईश्वरी उन्मादाचे प्रतीक असते. फारसी काव्यसंकेतात प्रेमिकाचे हृदय निखाऱ्यावरच्या कबाबाप्रमाणे भाजून निघते. त्यामुळे शराब आणि कबाब ही जोडी काव्यात नित्य एकत्र येते. अमरसिंहाने दोन वर्गांत विभागलेली आणि सोमेश्वराने दोन प्रकरणांत ठेवलेली ही जोडी निजामशाहीच्या काव्यभाषेत प्रथमच एका दमात उच्चारली गेली.

या गोष्ठींची स्थळे आजही ओळखता येतात. शहराच्या आग्नेयेस फराहबागेचा भव्य महाल एका मोठ्या तळ्याच्या मध्यभागी उभा आहे. त्याचे काम १५८३ मध्ये पुरे झाले. उत्तरेस हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्गांची बाग होती. दूरच्या झऱ्यांचे पाणी खापरी नळांनी शहरात आणि या बागांत खेळविले होते. तळ्यातील महाल, वाहते पाणी आणि सायंकाळचा वारा या परिसरात ‘बज्म’ भरत असे. तथापि ही सारी चैन तटाच्या आत आणि बागेच्या कुंपणात होती. १५९५ मध्ये मोगलांचा वेढा पडला, चांदबिबीने तो परतविला आणि १६०० मध्ये किल्ला पडला. जुहूरी त्यापूर्वीच विजापूरच्या आश्रयास गेला होता. दरबार उठताच साकी, बज्म आणि गजक हे शब्दही नगरच्या बोलीतून उठले. सीख आणि कबाब मात्र बाजारात राहिले. कारण ते दरबाऱ्यांचे नव्हे, तर कारागिरांचे शब्द होते.

४

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. शूल, भटित्र, उपदंश आणि चक्षण या चार शब्दांचे मराठीत काय झाले?

शूलाचे मराठीत शूळ आणि सूळ झाले. पोटशूळ, कपाळशूळ यांत तो वेदना आहे. सुळावर चढविणे यात तो देहदंड आहे. सुळा म्हणजे अणकुचीदार दात आणि सुळका म्हणजे डोंगराचे उंच टोक यांत केवळ आकार उरला आहे. हे सर्व अर्थ मूळ शब्दात होतेच. नवा अर्थ एकही आलेला नाही. फक्त पाकशाळेतला अर्थ गळून पडला. याला अर्थांतर न म्हणता अर्थसंकोच म्हणावे लागेल. मांस ओवण्याच्या साधनासाठी मराठीला नंतर फारसीची सीख घ्यावी लागली किंवा शलाकेपासून आलेल्या सळईवर भागवावे लागले.

उपदंशाची गती याहून विलक्षण झाली. वैद्यकात हा शब्द प्राचीन काळापासून एका गुह्यरोगाचे नाव म्हणूनही वापरला जाई. मराठीत तोच एक अर्थ शिल्लक राहिला. आजच्या मराठी वाचकापुढे उपदंश हा शब्द ठेविला तर त्याला मद्याबरोबरचे खाणे आठवणार नाही, वैद्याचा दवाखाना आठवेल. मेजवानीच्या परिभाषेतील एक शब्द वधस्तंभाकडे गेला आणि दुसरा रुग्णालयाकडे.

भटित्राचा प्रवास वेगळा झाला असावा. वांगे निखाऱ्यावर भाजून केलेल्या पदार्थाला मराठीत ‘भरीत’ म्हणतात. हा शब्द भरणे या क्रियापदापासून आला असे सहज वाटते. पण मराठीत भरलेले वांगे आणि वांग्याचे भरीत हे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. भरितात काही भरले जात नाही, ते भाजले जाते. भृष्ट या शब्दापासून व्युत्पत्ती लावावी तर मराठीत ष्टचा ठ होतो, जसे दृष्टीचे दीठ. त्या मार्गाने भरीत सिद्ध होत नाही. भडित्रापासून मात्र शब्दाचा शेवट नियमाने लागतो. सूत्राचे सूत, पुत्राचे पूत, गोत्राचे गोत, तसे भडित्राचे भडीत. डकाराच्या जागी रकार येणे हा भाग अपवादात्मक आहे, आणि त्यावर भरणे या परिचित क्रियापदाची छाया पडली असणे शक्य आहे. ही व्युत्पत्ती संभाव्य म्हणूनच मांडली पाहिजे. ती मान्य झाल्यास एवढे ठरेल की, राजाच्या शूलावरील मांसाचा शब्द मराठीने टाकला नाही. त्यातील मांस आणि शूल वगळून निखारा तेवढा ठेविला.

याचे कारण मराठीच्या वाङ्मयीन जन्मकथेत शोधावे लागते. तेराव्या शतकात मराठीला ग्रंथभाषा केली ती महानुभाव आणि वारकरी या दोन संप्रदायांनी. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये याच जिल्ह्यातील नेवाशात सिद्ध झाली. मद्य आणि मांस या दोहोंपासून अलिप्त राहणे हा माळकऱ्याचा आचार ठरला. त्यामुळे भाषेचे जे रूप लिहिले गेले, पाठ झाले आणि प्रमाण मानले गेले, त्यात या भोजनाच्या परिभाषेला जागा उरली नाही. याचा अर्थ ते भोजन नाहीसे झाले असा मुळीच नाही. जत्रेत बोकड पडला की त्याचे काळीज प्रथम निखाऱ्यावर भाजून वाटण्याची रीत गावोगाव आढळते. रानात पक्षी भाजून खाणारे मेंढपाळ आणि शिकारी होतेच. ज्यांच्या ताटातील अन्नाला ग्रंथांनी नाव दिले नाही अशा मराठवाड्यातील दलित समाजांची खाद्यपरंपरा शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ मधील पुस्तकात नोंदविली आहे. कोशातून शब्द गेला म्हणून पदार्थ गेला असे अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, हे त्या पुस्तकाच्या वाचनाने कळते.

चक्षणाची कथा याच अलिखित परंपरेची आहे. प्राकृतातील ‘चक्ख’ या धातूपासून मराठीचे चाखणे आले. मद्याबरोबरच्या खाद्याला आज चाखणा म्हणतात. बोलण्यात त्याचे चखणा, चकणा असेही उच्चार होतात. हेमचंद्राने संस्कृताच्या वेशात नोंदविलेला चक्षण हा शब्द मुळात लोकभाषेतला असावा आणि लोकभाषेतच तो जगला असावा. दरबाराचा गजक गेला, पंडितांचा उपदंश बिघडला. ज्याला ग्रंथाश्रय लाभला नाही तो चाखणा मात्र उरला.

निखाऱ्याभोवती जमून खाण्याची हौसही अशीच उरली आहे. ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा हा नगर जिल्ह्याचा हिवाळी उत्सवच होय. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवितात, कणसे आरात भाजतात, हातावर चोळून दाणे काढतात आणि ते गरम असतानाच वाटतात. भाजणारा आणि खाणारे समोरासमोर बसतात, पदार्थ थोडा थोडा आणि एकामागून एक येतो. याकितोरीच्या दुकानातील बैठकीचे जे मर्म आहे ते येथे मांसमद्यावाचून पुरेपूर सापडते.

५

जपानशी तुलना केल्यास या शब्दकथेचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होईल. त्या देशातही मांसाला धर्माचा आणि राजाचा निषेध होता. सम्राट तेन्मु याने ६७५ मध्ये काढलेल्या आज्ञेत गाय, घोडा, कुत्रा आणि माकड यांच्याबरोबर कोंबडीचेही नाव आहे. रानपक्षी मात्र त्यातून सुटले. आपल्याकडे मनुस्मृतीने द्विजांसाठी ग्रामकुक्कुट वर्ज्य ठरविला, हे साम्य लक्षणीय आहे. जपानी राजघराण्यातील मांसनिषेध मेजी काळात, १८७२ च्या सुमारास, संपुष्टात आला. त्याच काळात याकितोरीच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आणि यामानाशी प्रांतात द्राक्षमद्याचा उद्योग सुरू झाला. कोंबडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांमुळे.

परंतु जपानी भाषेने मद्याबरोबरच्या खाण्याचा शब्द गमावला नाही. ‘साकाना’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘साके’बरोबर खावयाचे तोंडी लावणे असा आहे. असे तोंडी लावणे बहुधा माशाचे असल्याने साकाना हा शब्दच पुढे माशाचे सर्वसामान्य नाव झाला. तेथे पानगोष्ठीतला शब्द बाजारातल्या प्रत्येक गृहिणीच्या तोंडी बसला. येथे उपदंश रोगाच्या नावात लोपला. निषेध दोन्हीकडे होते. फरक असा की, तेथे मद्यासोबतचे खाणे गृहस्थाच्या घरात आणि गावाच्या उत्सवात मान्य राहिले, येथे ते शिष्ट पंक्तीबाहेर गेले. शब्दाचे दैव त्या शब्दाला बसावयास कोणती पंक्ती मिळते यावर ठरते.

६

शेवटचा शब्द मद्याचा. मराठीत मद्यासाठी सर्वांत रूढ असलेला ‘दारू’ हा शब्द फारसी आहे आणि फारसीत त्याचा अर्थ औषध असा आहे. तो अर्थ इराणात आजही चालतो. मराठीत त्याचे मद्य झाले आणि तोफेची भुकटीही झाली. औषध म्हणून आलेला शब्द या भाषेत निंदाव्यंजक ठरला. हा शब्द पुढे कायद्याच्या नावातच बसला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती की मद्यार्कयुक्त औषधेही तिच्यात येत. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरत्या त्यातील काही तरतुदी रद्द ठरविल्या. दारू आणि औषध यांच्या सीमेचा वाद अशा रीतीने शब्दाच्या जन्मस्थानी परत आला. पुढे बंदी शिथिल झाली, पण परवान्याची आठवण ‘परमिट रूम’ या पाट्यांवर नगर-मनमाड रस्त्यासारख्या प्रत्येक हमरस्त्यावर उरली आहे. त्या पाटीखाली सीख, कबाब आणि चाखणा हे तीन शब्द आज पुन्हा एकत्र आले आहेत.

नगर जिल्ह्याचे स्वतःचे मद्य द्राक्षांचे नाही, उसाच्या मळीचे आहे. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगर येथे १९३३ मध्ये स्थापन झालेला खाजगी साखर कारखाना पुढे मद्यनिर्मितीकडे वळला. १९५० मध्ये प्रवरेकाठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हेच जिल्ह्याच्या बागाईताचे मुख्य पीक झाले. द्राक्षमद्याचे केंद्र शेजारच्या नाशिक जिल्ह्यात वाढले आणि राज्याने २००१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्याला सर्वांत ठळक विरोध याच जिल्ह्यातून, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून झाला. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली आणि ग्रामसभेच्या विनंतीनंतर ते स्थगित केले.

या वादाचे स्वरूप भाषिक होते. वाइन ही दारू नव्हे, ते शेतीमालापासून केलेले सौम्य पेय आहे, असे निर्णयाचे समर्थक म्हणत. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, असे विरोधक म्हणत. ज्या गावाने दारूमुळे उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली आहेत त्याला शब्दाची ही सोज्ज्वळता पटणे कठीण होते. ज्या बागाईतदाराची द्राक्षे भावाअभावी पडून राहतात त्याला तो शब्द आशेचा वाटणेही स्वाभाविक होते. भाषेच्या इतिहासाला या दोघांमध्ये न्याय करता येत नाही. तो एवढेच दाखवितो की, मधु, मद्य, शराब, दारू आणि वाइन असा प्रत्येक नवा शब्द आरंभी प्रतिष्ठित किंवा निरुपद्रवी म्हणून येतो. अरबीतील शराब म्हणजे केवळ पेय, आणि आपले निर्दोष सरबत त्याच धातूचे. दारू म्हणजे औषध. ज्या पंक्तीत तो शब्द बसतो त्या पंक्तीची बरीवाईट कीर्ती कालांतराने त्याला चिकटते. वाइन हा शब्द आज जपानी आणि मराठी या दोन्ही भाषांनी इंग्रजीतून घेतला आहे. मराठीत त्याचे पुढे दारूसारखे होईल की चाखण्यासारखे, हे शब्दकोशात नव्हे, तर गावच्या ग्रामसभेत आणि घरच्या ताटाभोवती ठरेल.

आता आरंभीच्या दोन मतांविषयी निर्णय देता येईल. सळईवरचे मांस आणि द्राक्षमद्य ही जोडी परकी आहे, हे मत पाणिनी, नेवाशाची खापरे, सोमेश्वर आणि जुहूरी यांच्या साक्षीपुढे टिकत नाही. ती आपली अखंड परंपरा आहे, हेही टिकत नाही. कारण ती अखंड असती तर तिचे शब्द सूळ आणि उपदंश यांच्या अवस्थेस गेले नसते. ती जोडी या परिसरात वारंवार आली, प्रत्येक वेळी राजाच्या किंवा धनिकाच्या आश्रयाने आली आणि आश्रय सुटताच आपली नावे घेऊन गेली. मागे राहिले ते निखारा सांभाळणाऱ्यांचे शब्द : भरीत, सीख, कबाब, चाखणा आणि आगटी. याकितोरी या शब्दाला मराठीत बस्तान बसवावयाचे असेल तर त्यालाही याच शब्दांच्या शेजारी जागा मागावी लागेल.